नऊ रेघा

परवा दुपारी गुहागरच्या घरी मागच्या पडवीतलं कपाट सरकवलं, तर मागे भिंतीवर कोळशाच्या नऊ रेघा. बाकीच्या भिंतीला कितीदा तरी चुना लागला. कपाटामागे हात घालायचा कंटाळा मात्र आमच्यात वंशपरंपरागत.

आजोबांची नारळ मोजायची जागा ही. दोन्ही हातांत एकेक नारळ. पहिल्या जोडीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. पन्नास जोड्या झाल्या की एक रेघ. दहावी ओढायची वेळ आली की नऊ पुसून वर एक टिंब. मी तेव्हा नुकता एकं-दहं-शतं शिकलेला. रेघा वाचून ओरडलो, "आजोबा, अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा नारळ!"

"हो का?" आजोबा म्हणाले. "मग हेदवीपर्यंत रचावे लागतील."

परवा कुळथाचं पिठलं जेवून सगळे आडवे झाले होते. मला आकडा दिसला की त्याच्या खोड्या काढल्याशिवाय झोप येत नाही. लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्या अकरा कोटींचा वर्ग करायला घेतला. मोबाइलला तो मावेना. हाताने मात्र गुणायचं काहीच नाही. तीच नऊ एकांची ओळ नऊदा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकून, जांभ्याच्या पाखाडीसारखी. बेरीज : १२३४५६७८९८७६५४३२१. चढली तशी उतरली. हातचा म्हणून कुठे नाही. सतरा आकडे, म्हणजे एकं-दहं-शतंच्या जुन्या यादीत 'मध्य' नावाच्या घरापर्यंत. परार्धाला एकच घर कमी!

अशा संख्यांना द. रा. कापरेकरांनी 'डेम्लो' म्हटलं. डेम्लो म्हणजे आपल्या डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव. १९०५ साली डहाणूला जन्मलेला हा देवळालीचा शाळामास्तर. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नावही त्यांचंच. माझी संख्या हर्षद निघाली. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागलं की उरतो १२३४५६७९ चा वर्ग. त्यात आठ गायब! त्या आठाच्या मागे लागलं की संध्याकाळ होते, म्हणून तो तसाच सोडला.

मग दहावी रेघ धरून पाहिली. १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या उभ्या ओळीची बेरीज दहा झाली, हातचा आला आणि पाखाडीच्या ऐन मधल्या पायऱ्या ढासळल्या. म्हणजे आजोबा नवावर थांबून जे करत होते ते...

"भाऊजी," वहिनी दारात उभी. "त्या पत्रिकेमागे पाडेल्याचा नवा नंबर होता."

बराच वेळ कागद उजेडात धरून पाहिला. दहापैकी सात आकडे लागले. नारळ अजून माडावरच आहेत.