आकार नाकातून सुटला!

आज फोंड्याला गाण्याच्या क्लासात बाईंनी नाक चिमटीत धरून नुसता आकार, म्हणजे लांब ‘आ’, लावायला सांगितला. बोटांना चक्क थरथर जाणवली आणि आवाज दबला, म्हणजे हवा नाकातून चाललीय! म, न, ण असे नाकातले उच्चार सोडले तर एरवी पडजिभेकडची मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करते, माझी ढिली राहते. आमच्या कोंकणीत अनुनासिक स्वर भरपूर, बोलताना गोडच वाटतात, पण अभंगातला लांब आकार त्याने झाकोळतो. मग जांभई येतेय अशी टाळू उचलून, जबडा सैल सोडून गा-गा-गा करत राहिले, आणि एकदम षड्ज (सा) असा मोकळा लागला की अंगावर काटाच आला. श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहात ह्याच आवाजात गायचंय, उद्यापासून रियाजाआधी रोज हेच करणार.