तुम्ही विचारलंत म्हणून: पार्श्वभूमी पांढरी की काळी?

चित्रकार असो, छायाचित्रकार असो की इलस्ट्रेटर, वेबसाइट करायला घेतली की पहिल्याच बोलण्यात हा प्रश्न येतो. सोबत आवडत्या रंगाचं नावही येतं. मी म्हणते, रंग राहू द्या, आधी तुमची कामं दाखवा.

कारण कुठलाही रंग एकटा दिसत नाही. पॅरिसच्या गोबलँ या भिंतपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती, की काळ्या धाग्यात दम नाही. रंगात खोट नव्हतीच. शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला फिका पाडत होते. यावरचा त्यांचा ग्रंथ 1839 मध्ये आला. तुमच्या चित्राभोवतीचा रंगही असाच चित्रात ढवळाढवळ करतो. भडक हिरव्यावर माणसाचा चेहरा लालसर दिसेल. ज्याने महिनाभर त्या चेहऱ्याची छटा जमवली, त्याच्यावर हा अन्याय आहे.

पांढरंही वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. जलरंगाचा किंवा पेन्सिलचा कागद मुळात किंचित पिवळसर असतो. पडद्यावरच्या लख्ख पांढऱ्याशेजारी तो मळका वाटतो, आणि मग लोक स्कॅनच इतकं उजळ करतात की रंगाचे हलके थर, पुसट रेषा उडून जातात. चित्राला हात लावू नका! पार्श्वभूमीच थोडी गडद करा, अगदी फिका राखाडी घ्या.

काळा छायाचित्रकारांना फार प्रिय. पण गडद भोवतालात फोटोतल्या सावल्या उजळ भासतात, कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदातला फरक, कमी वाटतो. रात्रीच्या फोटोची तर कडाच हरवते. तिथे कोळशासारखा गडद राखाडी जास्त प्रामाणिक.

मजकुराचं मात्र मोजमाप ठरलेलं आहे: वेब सुलभतेच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या, निकषांत नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना किमान 4.5 : 1 कॉन्ट्रास्ट लागतो. शुद्ध पांढऱ्यावर 767676 या रंग-कोडचा राखाडी जेमतेम पास होतो; पार्श्वभूमी पांढऱ्याहून गडद केलीत, तर अक्षरं आणखी गडद हवीत.

आवडता रंग लिंकना द्या, नावाला द्या. पार्श्वभूमी ठरवताना तुमचं सर्वांत फिकं, सर्वांत गडद आणि सर्वांत रंगीत अशी तीन कामं तिच्यावर ठेवा, आणि फोन घेऊन उन्हात जाऊन बघा. तिन्ही नीट दिसली, तर तोच रंग ठेवा.