कॉफीचं वाळवण

२४ जानेवारी, वसमत

घरी येऊन दोन दिवस झाले, पण माझ्या शालीला अजून तो वास आहे. ओल्या पाल्याचा आणि आंबलेल्या गराचा. बाकीचे कपडे धुऊन टाकले, शाल तेवढी ठेवली आहे. वास जायच्या आत लिहून काढते.

भाऊ बंगळूरला नोकरीला आहे. हळद काढायच्या आत एकदा या, असा त्याचा तगादा दोन वर्षांपासून होता. नांदेडहून बंगळूरची गाडी, तिथून चिकमगळूरला बस. मामांना सोबत न्यायचं मात्र मी ठरवलं. माझ्या सासऱ्यांनी पंढरपूर आणि तिरुपती सोडलं तर लांबचा प्रवास केलेला नाही. फिरायला चला म्हटलं असतं तर आलेच नसते. कॉफीचं शेत बघायला जायचंय म्हटल्यावर म्हणाले, "किती दिवस? पाण्याची पाळी चुकणार नाही ना?" आणि धोतराच्या दोन जोड्या काढून ठेवल्या. आत्याबाई गुडघ्यांमुळे घरीच राहिल्या.

मळ्यात शिरलो आणि मामा थांबले. "पीक कुठं हाय?"

समोर नुसतं जंगल. उंचच उंच सिल्व्हर ओक, त्यांच्या खोडांवर मिऱ्याचे वेल चढलेले, मधूनमधून पांगारा. पांगारा ओळखीचा निघाला तेव्हा मामांना जरा बरं वाटलं. कॉफी होती ती या सगळ्याच्या खाली, छातीइतकी झुडपं, गडद हिरव्या चकचकीत पानांची, आणि फांदीला चिकटून लाल फळांचे घोस. आपल्याकडे बांधावरच्या लिंबाची सावली पिकावर पडली की फांद्या छाटतात. इथे सावली पोसतात. तिथल्या मुकादमाने, त्याला ते लोक रायटर म्हणतात, हिंदीत समजावलं. ही अरेबिका जातीची कॉफी. हिच्या खोडात शिरणारा एक भुंगेरा असतो, त्याची मादी उन्हाने तापलेल्या खोडावर अंडी घालते. सावली विरळ झाली की झाड पोखरलं जातं. म्हणून बायका खोडांची सुटी साल काथ्याने घासून काढतात, अंडी घालायला फटीच राहू नयेत म्हणून. मामांनी एका खोडावरून हात फिरवला. गुळगुळीत होतं. आपल्याकडे कंदमाशीने हळदीचे गड्डे सडतात तेव्हा त्यांचा चेहरा कसा होतो ते मी बघितलंय. त्यामुळे ते त्या खोडापाशी इतका वेळ का थांबले, ते मला विचारावं लागलं नाही.

मार्च-एप्रिलमध्ये तिथे एक पाऊस पडावा लागतो. तो पडला की आठ-नऊ दिवसांनी अख्खा मळा एकदम पांढरा होतो, जाईसारखा वास सुटतो, आणि तीन-चार दिवसांत फुलं गळून जातात. तेवढ्यावर सगळं वर्ष. तो पाऊस चुकला की तुषार सिंचन लावायचं, तेही ज्याच्याकडे पाणी असेल त्याने. फुलापासून फळ पिकेपर्यंत आठ-नऊ महिने. "हळदीचे बी नऊच," मामा म्हणाले.

एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा अवघड. फळं एकदम पिकत नाहीत. एकाच घोसात लाल, पिवळं, हिरवं, सगळं असतं. म्हणून त्याच झाडाकडे चार-चार वेळा यायचं आणि फक्त लाल तोडायचं. हिरवं फळ गेलं की चव बिघडते. मी अर्धा तास तोडून बघितलं. बोटाने फळ हलकेच पिरगळायचं, देठ फांदीवरच राहिला पाहिजे. अर्ध्या तासात माझी फळं परडीचा तळही झाकेनात. शेजारच्या बाईची पिशवी तेवढ्यात भरत आली होती.

त्या बाईबद्दल लिहायचंच आहे. ती आसामची. नवरा-बायको दोघं तोडणीला आलेली, किलोवर मजुरी. पांगाऱ्याच्या दोन खोडांना साडी बांधून झोळी केली होती, त्यात सहा-सात महिन्यांचं लेकरू. मध्येच रडलं की ती येऊन झोका द्यायची आणि परत झाडाकडे.

माझं माहेर बीड जिल्ह्यातलं. दसरा झाला की आमच्या गावातली अर्धी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जायची. कुणी सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. माझ्या वर्गातल्या मुली दिवाळीनंतर वर्गात नसायच्या. फडात अशीच झोळी असते, हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. मी त्या बाईशी काय बोलणार, तिला मराठी येत नाही, मला आसामी. पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की तिच्या हातावर ठेवली. तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि उरलेली पदराला बांधली. त्यानंतर लाल फळ तोडताना मला आधीसारखी मजा आली नाही. मजुरी किती पडते हे रायटरला विचारलं, तो म्हणाला, जितकं तोडेल तितकं. एवढंच. कपातल्या कॉफीबद्दल सगळे बोलतात. त्या झोळीबद्दलही कुणी बोलावं असं मला मनापासून वाटतं.

दुपारी तोडलेला माल संध्याकाळच्या आत यंत्रात गेला पाहिजे. यंत्र फळाची साल काढतं आणि आतून दोन बिया निघतात, सपाट बाजूने एकमेकींना चिकटलेल्या, जशी भुईमुगाची डाळ. एखाद्या फळात एकच बी असते, गोलसर. तिला पीबेरी म्हणतात, ती वेगळी काढून वेगळ्या भावाने विकतात. बियांवर बुळबुळीत गोड चिकट थर असतो. तो पाण्याने जात नाही. म्हणून बिया हौदात टाकून एक-दीड दिवस आंबवायच्या.

आंबवणं पुरं झालं हे कसं कळतं, असं मामांनी विचारलं. त्यांचा प्रश्न मी हिंदीत केला. रायटरने हौदाशेजारची काठी उचलली, बियांच्या ढिगात उभी खुपसली आणि वर काढली. भोक तसंच राहिलं. थर गळून पडला नसता तर बिया घसरून भोक बुजलं असतं. मग त्याने मूठभर बिया मामांच्या हातात दिल्या. मामांनी चोळल्या. मग मला दिल्या. यंत्रातून नुकत्याच निघालेल्या बिया माशासारख्या निसटत होत्या, ह्या रवाळ लागत होत्या, खडीसारख्या एकमेकींवर करकरत होत्या.

मामा हसले. इतक्या लांब आल्यावर पहिल्यांदा इतके मोकळे हसले. "आपण बी काडीच खुपसतो की वो!" त्यांनी रायटरला मराठीतच सांगितलं. हळद शिजली का हे बघायला आपण कढईतल्या हळकुंडात काडी घालतो, सहज आरपार गेली की शिजली. मी भाषांतर करायला गेले, तर रायटरला ते हातवाऱ्यांवरूनच कळलं होतं.

तिथून पुढे दोघांना माझी गरज उरली नाही. धुतलेल्या बिया आधी जाळीवर निथळतात, मग सिमेंटच्या खळ्यावर पसरतात. दिवसभर दाताळ्याने वरखाली करायच्या, संध्याकाळी ढीग करून ताडपत्री टाकायची, दव लागू द्यायचं नाही. असं आठ-दहा दिवस, ओलावा दहा टक्क्यांवर येईपर्यंत. रायटरने एक बी दाताखाली धरली, मामांनीही धरली. मामा वाळलेलं हळकुंड मोडून कानाशी धरतात, खणखणीत आवाज आला तरच पोत्यात भरतात. सहा किलो लाल फळांतून एक किलो कॉफी निघते, असं रायटरने बोटांवर दाखवलं. मामांनी पाच बोटं दाखवली. पाच किलो ओल्या हळदीची एक किलो. दोघांनी मान हलवली. ज्याचं पीक वाळून एवढंसं होतं, त्यालाच तो हिशोब लागतो.

संध्याकाळी समोरचा डोंगर दाखवत रायटरने बाबाबुदन यांची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकात हे सूफी साधू हजला गेले आणि येताना येमेनमधल्या मोखाहून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले. तिकडचे व्यापारी बी भाजून नाहीतर उकळूनच बाहेर जाऊ द्यायचे, कुणी दुसरीकडे पेरू नये म्हणून. मामांना हे लगेच पटलं. शिजवलेली हळद कुठं उगवते? म्हणून तर आपण बेण्याचे गड्डे आधीच बाजूला काढून झाडाखाली पाल्याने झाकून ठेवतो.

निघताना मामांनी मूठभर वाळलेल्या बिया मागून घेतल्या, वरचं कागदासारखं टरफल असलेल्या.

काल त्या भाजल्या. टरफल चोळून काढलं, पाखडलं, लोखंडी कढई चुलीवर ठेवली. बी आधी पिवळी पडते, मग बदामी, मग लाह्यांसारखी तडतडते. त्याच्या आधी नुसता गवताचा वास होता. तडतड सुरू झाली आणि घरभर कॉफीचा वास पसरला. आत्याबाई आतून ओरडल्या, "काय जळालं ग?" सतत हलवत राहिले, तरी चार-पाच काळ्या झाल्याच. खलबत्त्यात कुटली, उकळत्या पाण्यात टाकून झाकली आणि फडक्याने गाळली.

आमच्याकडे कॉफी म्हणजे उपासाची, नाहीतर पाहुणा चहा घेत नसेल तर, दुधात, जायफळ किसून. डब्यातली पुडी काल पहिल्यांदा उलटून वाचली. त्रेपन्न टक्के कॉफी, सत्तेचाळीस टक्के चिकोरी. चिकोरी हे एक मूळ असतं, भाजून दळतात. इतकी वर्षं आम्ही निम्मं मूळ पीत होतो. मला त्यात फसवल्यासारखं वाटलं नाही, पुडीवर लिहिलेलंच होतं. पण कळल्यावर डबा परत फडताळात ठेवताना हात थांबला.

आत्याबाईंनी नव्या कॉफीतही जायफळ घातलंच. मामांनी मात्र पहिला कप काळाच घेतला, साखरही नको म्हणाले. अर्धा प्यायले. कडू लागली का विचारलं तर म्हणाले, "लागली. पण वाळवली चांगली हाय."

आज सकाळी त्यांचा सदरा भिजवताना खिशात दोन बिया सापडल्या. टरफलासकट. मी त्या देवघराच्या कोनाड्यात ठेवल्या, तर दुपारी बघते, एक जागेवर नव्हती. विहिरीजवळच्या आंब्याखाली ओली माती उकरलेली दिसली. अजून काही विचारलेलं नाही.

हळदीचा पाला पार वाळलाय. सोमवारपासून कापायला सुरुवात. मामांनी यांना दोन नव्या ताडपत्र्या आणायला सांगितल्यात. यंदा हळद मातीवर टाकायची नाही म्हणे.