तरलाताईंची वाटी आणि आजीची मूठ

2013 ची भाऊबीज अमळनेरला घरीच झाली आणि दुसऱ्या दिवशी, 6 नोव्हेंबरला, टीव्हीवर बातमी की तरला दलाल गेल्या. आई माझ्यासाठी फराळाचे डबे भरत होती, झाकण हातात तसंच राहिलं तिच्या. "अगं, माझ्या बाई गेल्या," म्हणाली, घरातलंच कुणी गेल्यासारखं.

त्या मूळच्या पुण्याच्या, 1966 ला मुंबईत घरीच स्वयंपाकाचे क्लास सुरू केले, 2007 ला पद्मश्री, हे सगळं मला नंतर कळलं. आमच्यासाठी त्या म्हणजे सोनीवर साडी नेसून शांतपणे मेक्सिकन-इटालियन करणाऱ्या बाई, आणि तेही सगळं शाकाहारी! आई वही-पेन घेऊन बसायची आणि नेमकं प्रमाण सांगताना लाईट जायची, वहीत अजूनही तशा रिकाम्या जागा आहेत.

आमच्याकडे स्वयंपाक म्हणजे अंदाज. आजीला विचारलं किती घालू, की ती मूठ दाखवायची. नवीन लग्न होऊन आलेल्या आईला त्या मुठीनं पार रडवलं होतं, कारण दोघींची मूठ सारखी नव्हती ना! म्हणूनच तिला तो कप-चमचा एवढा आवडला असणार. तिनं स्टीलची एक वाटी ठरवून टाकली, तोच कप, ती कुणी दह्याला घेतली की घरात आरडाओरडा.

पहिला व्हाईट सॉस: 2 चमचे लोणी, 2 चमचे मैदा, 2 वाट्या दूध. दूध एकदम ओतलं, झाल्या गाठी. दुसऱ्यांदा मैदा मंद गॅसवर परतला, लाल होऊ दिला नाही, दूध थोडं थोडं घातलं आणि जमलं. ओव्हन कुठला, जुन्या कुकरची शिट्टी काढून खाली मीठ पसरलं आणि त्यात भाज्या बेक केल्या. आजी म्हणे, "माय वं, मापीसन कोठे सयपाक व्हस का!" आणि मग वर शेव न् लसणाची चटणी घेऊन तिनंच अर्धं भांडं संपवलं.

आजी गेल्यावर एकदा मला इकडे पुण्यात भरीत करायचं होतं, आईनं व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. बेक्ड डिशच्याच मागचं पान. हिरवी वांगी 1 किलो, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली. मिरच्या 12, पुढे कंसात "सासूबाई 18". लसूण 1 गड्डा. आणि खाली बारीक अक्षरात: सासूबाईंची 1 मूठ शेंगदाणे = पाव वाटी, माझ्या दीड.