दुकानाच्या स्वतःच्या नावाची तूरडाळ

आज महिन्याचा किराणा भरताना डी-मार्टमध्ये जाहिरातीतल्या ब्रँडऐवजी त्यांच्याच ‘प्रीमिया’ नावाची तूरडाळ घेतली. घेण्यापूर्वी पाकिटावरची बारीक अक्षरे नीट वाचली, कारण खरी माहिती तिथेच असते: पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, १४ अंकी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक आणि प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर, ज्यामुळे वेगवेगळ्या वजनांच्या पाकिटांची तुलना सोपी होते. जाहिरातीचा आणि मधल्या वितरकांचा खर्च वाचत असल्याने असा माल बहुधा स्वस्त पडतो. संध्याकाळी वरण केले. डाळ एकसारखी शिजली, निवडताना खडा एकही निघाला नाही. आईला काही न सांगता वाढले आणि तिने वरण पुन्हा मागून घेतले, याचा मला मनापासून आनंद झाला. पुढच्या महिन्यात शेंगदाणेही घेऊन पाहणार आहे.