दुसऱ्याच्या नावाने लिहिते, पण माझ्या नावाचं बिल निघायला पाच महिने लागले

त्या फॉर्ममधला सतरावा रकाना मला अजून पाठ आहे. ‘मागील तीन ग्राहकांची नावे, पत्ते व परचेस ऑर्डरच्या प्रती जोडाव्यात.’

मी घोस्टरायटर आहे. उद्योजक बोलतात, मी लिहिते, छापून येतं त्यांच्या नावाने. कोणासाठी लिहिते हे बाहेर सांगणार नाही, अशी प्रत्येक करारावर माझी सही असते. आणि चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचं अकाउंट्स म्हणत होतं, नावं द्या, नाहीतर व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून त्यांच्याकडे नोंद झाल्याचा नंबर, मिळणार नाही. कोड नाही तर पीओ (परचेस ऑर्डर) नाही, पीओ नाही तर बिल आत घेणार नाहीत.

काम तोवर संपलेलं होतं. जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये मी त्यांच्या एमडींसाठी लिंक्डइनवरचे आठ लेख आणि वार्षिक कार्यक्रमाचं भाषण लिहून दिलं. भाषण छान झालं, साहेबांचा रात्री फोनही आला. ठरलेल्या १ लाख ६० हजारांचं बिल मी फेब्रुवारीच्या शेवटी पाठवलं. पैसे आले १८ जुलैला.

या कामात कशी आले ते थोडक्यात सांगते. अकरा वर्षं एका कंपनीच्या जनसंपर्क विभागात होते, २०१८ मध्ये नोकरी सोडली. पहिलं मोठं काम आमच्या सीएंमुळे मिळालं. भोसरी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकांना कंपनीच्या पन्नाशीनिमित्त पुस्तक काढायचं होतं. (हे लिहायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे.) नव्या लोकांना मी हेच सांगते: उद्योजकांच्या मागे धावण्याआधी त्यांच्या सीएंना भेटा. कोणाचं पन्नासावं वर्ष आहे, कोणाचा मुलगा धंद्यात येतोय, हे सीएंना सगळ्यात आधी कळतं.

फाउंड्रीचे साहेब केबिनमध्ये बोलेचनात. समोर रेकॉर्डर ठेवला की ‘आमच्या यशात कामगारांचा मोठा वाटा आहे’ अशी वाक्यं यायची. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, शेडमध्ये जाऊया. जळक्या वाळूचा वास, साच्यांच्या रांगा. एका ढिगापाशी ते उकिडवे बसले, मूठभर वाळू घट्ट दाबली, मूठ उघडली. गोळा जसाच्या तसा. मग तो मधोमध मोडून कडा दाखवली. ‘बघा, ओलावा बरोबर आहे. हा भुसभुशीत झाला की जॉब गेला.’ जॉब म्हणजे साच्यात ओतलेला भाग. त्यानंतर पाऊण तास ते थांबले नाहीत. त्या पाऊण तासात ‘यश’ हा शब्द एकदाही आला नाही. चांगल्या वर्षाबद्दल ते म्हणाले, ‘त्या साली पगार सात तारखेच्या आत झाले.’ पुस्तकात मी ते वाक्य तसंच ठेवलं. तेव्हापासून प्रत्येक माणसासाठी मी वेगळी वही करते. तो ‘धंदा’ म्हणतो की ‘व्यवसाय’, ‘माणसं’ म्हणतो की ‘मनुष्यबळ’, हे पहिल्या पानावर.

आता चाकण. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सात पानी फॉर्म आला. मी भरून पाठवला. नऊ दिवसांनी मेल आली: कॅन्सल्ड चेकवर नाव छापलेलं नाही. माझं चेकबुक जुनं होतं. बँकेत जाऊन नवं मागवलं, त्यात दोन आठवडे गेले. पाठवलं. मग मेल आली: जीएसटी नंबर नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, हे मी फोनवर सांगितलं. तिकडचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, सिस्टीम रकाना रिकामा घेत नाही.’ शेवटी नोंदणी लागू नसल्याचं साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चाललं. हे पत्र चालतं, एवढं सांगायला त्यांना अठरा दिवस लागले. आणि मग तो सतरावा रकाना.

मला राग कशाचा आला ते सांगते. फॉर्म पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे होता. तिन्ही त्रुटी एकाच मेलमध्ये सांगता आल्या असत्या. एक दुरुस्त केली की दुसरी निघायची, आणि प्रत्येक वेळी माझा कागद रांगेत पुन्हा शेवटी जायचा. मी दोनदा चाकणला गेले. गेटवर लॅपटॉपचा नंबर रजिस्टरमध्ये लिहायचा, पास घ्यायचा, रिसेप्शनवर बसायचं. दुसऱ्या खेपेला दीड तास बसले. समोरच्या टीव्हीवर साहेबांचं तेच भाषण लागलं होतं. शब्द माझे होते आणि मी व्हिजिटर पास गळ्यात घालून माझ्या पैशांची वाट बघत होते. त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

साहेबांना फोन करायचा नाही, असं मी ठरवलं होतं. ज्याच्या मनातलं लिहायचं त्याच्याशी पैशांवरून वाद नको, असं वाटायचं. आज मला ते चुकीचं वाटतं. त्यांना हे काही माहीतच नव्हतं, आणि जूनमध्ये त्यांच्या सेक्रेटरी मॅडमना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो, आधी का नाही बोललात?’ पीओ चार दिवसांत निघाली.

पण कोड त्याआधी मिळाला तो भोसरीच्या साहेबांमुळे. मी त्यांना अडचण सांगितली. ते म्हणाले, ‘एवढंच ना? थांबा, शिक्का मारून देतो.’ लेटरहेडवर दोन ओळी: यांनी आमच्या कंपनीसाठी लेखन व संपादन साहाय्य केले असून काम समाधानकारक आहे. कोणतं पुस्तक, काय लिहिलं, काही नाही. आणखी दोघांकडून तशीच पत्रं आणली. गुपितही राहिलं आणि रकानाही भरला. आता मी काम संपलं की शेवटच्या हप्त्याबरोबरच हे पत्र मागून घेते.

आणखी एक चूक माझी होती. फॉर्मवर ‘एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग): हो / नाही’ असं होतं, तिथे मी नाहीवर खूण केली. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि लेखी काही ठरलेलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ पासून प्राप्तिकरात कलम ४३बी(एच) आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. त्या मार्चमध्ये अकाउंट्सवाले उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून सरकारी पोर्टलवरची नोंदणी) असलेल्यांची बिलं शोधून शोधून काढत होते. माझी नोंदणी नव्हती. सेवा देणारी एकटी बाईसुद्धा त्यात बसते, हेच मला माहीत नव्हतं. नंतर घरी बसून आधार आणि पॅनवर केली, अर्ध्या तासात झाली. सरकारी पोर्टलवर एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणाऱ्या साइटपासून लांब राहा. आणि काम सुरू करण्याआधी करा.

हो, कराराबद्दल राहिलंच. लेख आणि पुस्तकांचा कॉपीराइट, तुम्ही नोकरीत नसाल तर, सुरुवातीला तुमचाच असतो. तो लेखी सही करूनच दुसऱ्याला देता येतो. म्हणून माझ्या करारात आता एक वाक्य असतं: हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावर हस्तांतरित होतील. भाषणाचं वेगळं आहे. लोकांसमोर केलेल्या भाषणाचा पहिला हक्क कायद्याने ते करणाऱ्याचा असतो. त्यामुळे भाषणाचे पैसे मी आधीच घेते. बाकी कामाला ४० टक्के ॲडव्हान्स आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. तिसरीचे पैसे वेगळे.

चाकणचे पैसे १० टक्के टीडीएस कापून आले, १ लाख ४४ हजार. कापलेले १६ हजार २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या प्राप्तिकर खात्याच्या विवरणात, दिसेपर्यंत मी दर आठवड्याला बघत होते. तुम्हीही बघत जा.

मागच्या महिन्यात पिंपरीच्या एका कंपनीतून फोन आला. त्यांच्या मॅडमना मुलाखतीची घाई होती. मी आधी व्हेंडर फॉर्म मागवला आणि उद्यम प्रमाणपत्र, नाव छापलेला चेक, जीएसटीचं पत्र, तिन्ही लेटरहेड एकाच मेलमध्ये पाठवली. कोड अकराव्या दिवशी आला. पहिली मुलाखत त्यानंतरच्या मंगळवारी घेतली, त्यांच्या मशीन शॉपमध्ये.