निळ्या रक्ताचा जीव

आज सातवीच्या वर्गात हॉर्सशू क्रॅबचा व्हिडिओ दाखवला. आमच्या परभणीच्या पोरांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही, पण तास संपला तरी कुणी जागचं हलेना.

नावात खेकडा असला तरी हा विंचू-कोळ्याच्या जवळचा. त्याचे सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडलेत. आपल्या पायाखालचा काळा दगड जेमतेम साडेसहा कोटींचा! रक्तात तांबं, म्हणून ते निळं. जिवाणूंचं विष लागलं की गोठतं, म्हणून लशी आणि सलाईन तपासायला ते वापरतात. दवाखान्यात सुई टोचून घेतलेल्या प्रत्येकाने या जीवाचं देणं मानावं, असं मला मनापासून वाटतं.

"सर, शेपटीनं डंख मारतो का?" नाही रे बाळा. लाटेनं उलटा पडला की शेपटी टेकवून तो सरळ होतो.

भारतात तो मुख्यतः ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर. भरतीला जोडीनं येऊन वाळूत अंडी घालतो आणि पुष्कळदा मासेमारीच्या जाळ्यात अडकून मरतो.

जगन्नाथपुरीला जाणाऱ्यांनो, जमलं तर बालेश्वरजवळच्या चांदीपूरलाही जा. एखादा उलटा पडलेला दिसला तर कवचाच्या कडेला धरून सरळ करा. शेपटीला मात्र धरू नका, तिला इजा होते.